रझियाच का नको?

आमच्या कतारगामात गुजराती घरी फोई बाळाचं नाव ठेवते, मराठी घरी आत्या. भाऊ म्हणाला, "आपा, माझ्या मुलीचं तूच ठेव." अकीक्याच्या दिवशी मी म्हटलं, "रझिया."

झालं! चाचा म्हणाले, फार जुनाट. पुस्तिकेतून नवं अरबी नाव काढू. मेहुणे म्हणाले, धर्म कळणार नाही असं ठेवा. उद्या तिला भाड्यानं घर मिळायला हवं.

दोघांनाही माझा विरोध आहे. ज्याचा अर्थ आईबापांनाच शोधावा लागतो, ते नाव अर्थपूर्ण कसलं? आणि घरमालकाच्या भीतीनं आज नाव लपवलं, तर उद्या पोरगी काय काय लपवील?

रझिया म्हणजे संतुष्ट. मराठीतले 'राजी' आणि 'रजा' त्याच अरबी धातूचे. १२३६ साली दिल्लीच्या तख्तावर बसली ती रझिया. आम्ही ज्या जळगावहून आलो, तिथं १९८२ साली मुस्लिम बायकांवरच्या सिनेमाबंदीविरुद्ध उभ्या राहिल्या त्या रझिया पटेल. संतुष्ट म्हणजे मुकाट नव्हे, हे या दोघींनी दाखवलं. पुस्तिकेत हा अर्थ कुठून सापडणार?

चाचा अजून राजी नाहीत. नसोत! बाळाच्या कानात मी रझियाच म्हटलं आहे.