गुंठ्याचा हिशेब आणि कोटींचा हिशेब

2024 सालीं लोकसभेवर निवडून आलेल्या 543 जणांपैकीं 504 कोट्यधीश निघाले. 2009 सालीं असे 315 होते. हे आकडे त्यांच्याच प्रतिज्ञापत्रांतले. कोणाच्या कमाईवर आमची नजर नाहीं. पण नवी मुंबईसाठीं 95 गांवांच्या जमिनी गेल्या. 1984 च्या जानेवारींत रास्त मोबदला मागतांना पांच शेतकरी पोलिसांच्या गोळीनें पडले. आमच्या एकेका गुंठ्याची नोंद सरकारदरबारीं आहे. मग पांच वर्षांत फुगणाऱ्या यांच्या इस्टेटीचा जाब कोण विचारतो? त्यासाठीं कायमची यंत्रणा उभारा, असें सर्वोच्च न्यायालयानें 2018 सालींच बजावलें. बंधूंनो, मत मागणाऱ्याला मागचें व आतांचें अशीं दोन्ही प्रतिज्ञापत्रें चावडीवर वाचायला लावा. मगच मताचें बोला!