बोटीची सहल आणि डॉलरचा भाव



२०२५ च्या डिसेंबरात सांगलीहून एका भगिनीचं चार पानी पत्र आलं. ‘नाव छापू नका’ असं त्यात दोनदा बजावलेलं. मुलगा आणि सून अमेरिकेत ह्यूस्टनला असतात. यजमान निवृत्त झाल्यामुळे मार्चमध्ये दोघांचं पहिल्यांदाच तिकडे जायचं ठरलेलं. मुलानं सुचवलं, की जवळच्या गॅल्व्हेस्टन बंदरातून मोठ्या बोटी सुटतात. सात रात्रींत मेक्सिकोचं कोझुमेल बेट वगैरे दाखवून परत आणतात, तुम्ही दोघं जाऊन या. विमानाचा खर्च त्यानंच केला होता. ‘बोटीचं तरी आपल्या पैशांनी करू, असं मीच म्हटलं,’ असं ही लिहिते. आपल्या म्हणजे तिच्या. शिवणाच्या कमाईतून साठवलेल्या.

मे महिन्यात डॉलर पंच्याऐंशी रुपयांच्या आसपास होता. दोघांचं भाडं, बंदराच्या करांसकट, २,४०० डॉलर. हिनं वहीत गुणाकार केला : २ लाख ४ हजार. तेवढे पैसे होते. ५०० डॉलर अनामत भरली, म्हणजे ४२,५०० गेले. राहिले १,९०० डॉलर, ते डिसेंबरात भरायचे; त्यासाठी १,६१,५०० वेगळे काढून ठेवले आणि ही निश्चिंत झाली. डिसेंबर उजाडला आणि डॉलरने नव्वदी गाठली.

‘तिकीट तर आधीच काढलंय, मग भाव वाढतो कसा?’ हा तिच्या यजमानांचा प्रश्न. आणि तिचा प्रश्न वेगळाच : ‘मुलाला सांगायची लाज वाटते. पाटली मोडू का?’

तिला उत्तर मी लगोलग टपालाने पाठवलं. पण हल्ली मुलंबाळं परदेशी असलेल्या घरांत असे बेत वरचेवर होतात, म्हणून तोच हिशेब आज तुमच्यापुढे मांडते.

आधी यजमानांच्या प्रश्नाचं उत्तर. आपल्या लहानपणी बोट म्हणजे भाऊच्या धक्क्यावरून कोकणात जाणारी. तिचं तिकीट रुपयांत, एकदा घेतलं की संपलं. या परदेशी बोटींचं तसं नसतं. अनामत भरल्याने भाडं पक्कं होतं हे खरं, पण ते डॉलरमध्ये पक्कं होतं. उरलेली रक्कम साधारणपणे प्रवासाच्या अडीच-तीन महिने आधी भरायची असते आणि त्या दिवशी डॉलरचा जो भाव असेल तो आपल्याला द्यावा लागतो. मधल्या काळात भाव चढला तर बोटवाल्याचं काही जात नाही, आपल्याच पदराला खार लागतो. भूमध्य समुद्रातल्या बऱ्याच बोटींचा हिशेब युरोत असतो. तिथे डॉलरऐवजी युरोचा भाव पाहायचा, बाकी गोष्ट तीच.

डॉलर पाच रुपयांनी वाढला म्हणजे १,९०० डॉलरमागे साडेनऊ हजार वाढले. पण हिच्या पत्रातला खड्डा त्याहून मोठा होता, कारण ती पैसे यजमानांच्या कार्डावरून भरणार होती. इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. वर्तमानपत्रात छापून येतो तो भाव आपल्याला मिळत नाही. सराफाकडे नाही का, सोनं घेताना एक भाव आणि मोडताना दुसरा, तसंच बँकेचंही विकायचं आणि घ्यायचं वेगळं असतं. परदेशी चलनात कार्ड वापरलं की बऱ्याच बँका वर दोन ते साडेतीन टक्के आकारतात आणि त्या आकारावर पुन्हा जीएसटी. साडेतीन टक्के धरले तर नव्वदचा डॉलर तिला पावणेचौऱ्याण्णवला पडणार होता. म्हणजे १,७८,००० रुपये, आणि तूट साडेसोळा हजारांची. मे महिन्यात अनामत भरतानाही पावणेदोन हजार असेच जादा गेले होते. ते यजमानांच्या बिलात गेल्याने तिला कळलंच नव्हतं.

एवढ्यावर भागत नाही. अमेरिकन पद्धतीच्या बोटींवर नोकरवर्गाची बक्षिसी माणशी, रोजच्या रोज बिलात चढते. दिवसाला अठरा डॉलर धरा. दोघांचे सात दिवसांचे २५२ डॉलर झाले, म्हणजे कार्डाच्या भावाने साडेतेवीस हजारांच्या वर! जाहिरातीत भाडं ठळक आणि हे बारीक अक्षरांत. बेत आखतानाच ही रक्कम वेगळी मांडून ठेवावी. बोटीवरचा बाकी खर्चही डॉलरमध्येच खात्यावर पडतो आणि शेवटी एकदम समोर येतो.

आता तुम्ही म्हणाल, भाव कधी चढेल हे आधी कळत नाही का? नाही, आणि कळतं म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. जून १९६६ मध्ये सरकारने रुपयाचं अवमूल्यन केलं तेव्हा ४ रुपये ७६ पैशांचा डॉलर एका रात्रीत साडेसातला झाला. २०१३ च्या मेच्या सुरुवातीला डॉलर पंचावन्नच्या आत होता, ऑगस्ट संपता संपता अडुसष्टच्या वर. त्या उन्हाळ्यात अनामत भरून बसलेल्यांचं काय झालं असेल! कधी भाव उतरतोही. पण उतरेल या आशेवर संसाराचा पैसा टांगू नये.

मग करायचं काय? आपण सोनं एकदम घेत नाही, जमेल तसं ग्रॅम-ग्रॅम घेतो. डॉलरचंही तसं करता येतं. बँकेत परदेशप्रवासासाठी आगाऊ पैसे भरायचं कार्ड मिळतं. त्यात ज्या दिवशी डॉलर भरले त्या दिवशीचा भाव कायम होतो. थोडे मे महिन्यात, थोडे ऑगस्टमध्ये असे भरले की सगळं एकाच दिवसाच्या भावावर अवलंबून राहत नाही. मात्र बोटीवर हमी म्हणून कार्डातली रक्कम काही दिवस अडकवून ठेवतात, तेव्हा सगळा पैसा त्या एकाच कार्डात नको.

इथल्या सहल कंपनीकडून जाणार असाल तर विचारा, की रुपयातली किंमत आजच कायम की पैसे भरायच्या दिवशीच्या भावाने? उत्तर लिहून घ्या. तोंडी ‘काळजी करू नका हो ताई’ याला किंमत नाही. परदेशी सहलीवर २०२० पासून कंपनी टीसीएस नावाची रक्कमही कापून घेते. तिचा दर बरेचदा बदलला आहे, म्हणून भरायच्या वेळचा दर विचारा. ती आयकरात वळती होते, पण ज्याच्या पॅनवर कापली त्याच्याच. तुमच्या नावावर कापली आणि तुम्हाला कर भरावा लागत नसेल, तर परत मिळवण्यासाठी विवरणपत्र भरावं लागेल. बेत रद्द झाला, तर परतावाही त्या दिवशीच्या बँकेच्या खरेदीच्या भावानेच येतो, हेही विसरू नका.

आणि परदेशात दुकानातलं यंत्र कार्ड घालताच विचारतं, रुपयांत की इथल्या चलनात? रुपये दिसले की आपल्याला हायसं वाटतं. पण तो रुपयाचा भाव त्यांनी आपला नफा धरून लावलेला असतो. तिथलंच चलन निवडावं.

सांगलीच्या भगिनीला मी लिहिलं, की पाटली मुळीच मोडू नका. मुलाने तिकडे आपल्या कार्डावरून १,९०० डॉलर भरले तर कार्डाचा जादा आकार लागणारच नाही; तुम्ही इथल्या त्याच्या एनआरओ खात्यात, बँकेला विचारून, रीतसर रुपये भरा. पैसे तुमचेच राहतील. फक्त त्याला सांगावं लागेल.

एप्रिलमध्ये तिचं दुसरं पत्र आलं. मुलाला नाही, तिनं सुनेला सांगितलं. १,७१,००० भरले. कमी पडणारे साडेनऊ हजार दोन लग्नघरांच्या ब्लाउजांतून उभे केले, रात्री जागून. बक्षिसीचे पैसे सुनेनं परस्पर भरून टाकले, ‘तेवढं मी चालवून घेतलं’. कोझुमेलच्या बाजारात नातीसाठी भरतकामाचा झगा घेतला. टाके उलटून पाहिले, हातचे होते. यंत्राने विचारलं, रुपये की पेसो? यजमान म्हणाले, ‘रुपये दाब.’ हिनं पेसो दाबलं.