पट्टा आमच्या दंडाला कधी?



मी महाडात एका हॉस्पिटलात ठेकेदाराकडचा सफाई कामगार. गाव पोलादपूरकडं. बारा वर्षं बीपी मोजायचा पट्टा मी पुसतोय, घडी घालून ठेवतोय. माझ्या दंडाला तो पहिल्यांदा बांधला, तो मी लादीवर कोसळलो तेव्हा. बीपी १७०/११०. उपाशीपोटी साखर १६२. कंबर ९६ सेंटिमीटर. डॉक्टर म्हणाले, "अरे, इथंच असतोस, आधी सांगायचं नाय का?"

काय सांगायचं? हा रोग बोंबलत येत नाही. पाच खुणा असतात. कंबर पुरुषाची ९०, बाईची ८० सेंटिमीटरच्या वर. बीपी १३०/८५ किंवा जास्त. उपाशीपोटी साखर १०० किंवा जास्त. ट्रायग्लिसराइड नावाची चरबी १५० किंवा जास्त. चांगलं कोलेस्टेरॉल पुरुषात ४०, बाईत ५० च्या खाली. पाचातल्या तीन भरल्या की मेटाबोलिक सिंड्रोम. म्हणजे मधुमेहाची, हार्ट अटॅकची वाट मोकळी. हातपाय काटक्या आणि पुढं पोट, अशी आमची माणसं त्यात सहज बसतात.

लोक म्हणतात, हा शेठलोकांचा रोग. साफ खोटं! आज नाइट, परवा दिवसपाळी, बदली आला नाही तर डबल. शरीराचं घड्याळच मोडतं. दिवसा खाल्लेलं पचतं, तेच रात्री खाल्लं की रक्तात साखर जास्त चढते. आणि आम्ही रात्री खातो काय? वडापाव, पाच वेळा गोड चहा, झोप मारायला तंबाखू. सकाळची एसटी चुकली की स्टँडवरच डोळा लागतो.

माझ्या जोडीला एक काका होते. ऑक्सिजनची नळकांडी ओढता ओढता छातीत कळ आली. म्हणाले, "पित्त असंल." सोडा प्याले, वाडीवर गेले, रात्रीत संपले. हयात हॉस्पिटलात गेली. त्यांच्या नावाचा एक केसपेपर नव्हता!

सरकार म्हणतं, तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचं बीपी, साखर तपासा. कागद चांगला आहे. १९२३ साली बोल्यांचा ठरावही चांगला होता. १९२४ साली महाड नगरपालिकेनं चवदार तळं सगळ्यांना खुलं केलं, तेही कागदावर. पाण्याला हात लागला तो २० मार्च १९२७ ला, बाबासाहेब चालत गेले तेव्हा. कागद आपल्या पायानं चालत येत नाही.

बाबासाहेबांना मधुमेहानं पोखरलं, हे आपण विसरतो. १९४२ ते ४६ मजूरमंत्री असताना कामाच्या तासांना लगाम घालायला तेच झटले, हेही विसरतो. आणि त्यांचीच पोरं आज डबल ड्यूटी मुकाट्यानं करतात.

तरुणांनो, तुमच्यावर माझा राग आहे. जयंतीच्या डीजेला वर्गणी जमते, वस्तीत बीपीचं एक मशीन येत नाही. भाषण संपलं की तुमच्याच तळहातावर तंबाखू मळली जाते. आधी ती थुंका.

मग ठेकेदाराच्या आणि साहेबाच्या दारात माझ्याबरोबर उभे राहा. मागणं चारच. कायम असो की ठेक्यावर, प्रत्येक कामगाराची वर्षाला तपासणी, तीही ड्यूटीच्या वेळेत, पगार न कापता. रिपोर्ट त्याच्या हातात. नाइटनंतर पुरी विश्रांती. आजार निघाला तर औषध, कामावरून काढणं नाही.

२० मार्चला तळ्यावर याल तेव्हा बाह्या वर करून या. मशीन मी आणतो. पहिला पट्टा तिथंच बांधू.