सीव्हीमधली गॅप

गेल्या महिन्यात नंदुरबारजवळ कोरीटला, मावशीकडे लग्नाला गेले होते. दारात बँडवाले जोरात आणि मागच्या ओट्यावर त्याहून जोरात एक फॅमिली मीटिंग! विषय : माझा मावसभाऊ. पठ्ठ्या पुण्यातली पर्मनंट नोकरी सोडून तीन मित्रांबरोबर फोक बँड काढायचं म्हणतोय. अर्धा तास सगळे समजावून थकले, तरी मामांचा एकच सवाल, ‘‘पैसा कितला भेटतीन?’’

सवाल फेअर आहे, बॉस. ईएमआय कुणाला चुकलाय? पण मला तिथे ‘इंडियन ओशन’ आठवला. कारण या बँडचं ‘मा रेवा’ हे गाणं ज्या नदीचं आहे, ती याच जिल्ह्याच्या उत्तर टोकाला आहे. तापी पार करा, सातपुडा ओलांडा, की आली नर्मदा. तीच रेवा.

दिल्लीचा हा बँड 1990चा. गिटारवर सुस्मित सेन, तबला आणि गाणं असीम चक्रवर्तीचं. 1991मध्ये बेस गिटार घेऊन राहुल राम आला, 1994मध्ये ड्रमर अमित किलाम. आता राहुलचा बायोडेटा बघा. अमेरिकेतल्या कॉर्नेलची पीएचडी, तीही पर्यावरणातल्या विषारी द्रव्यांवर! लठ्ठ पगार सहज मिळाला असता. हा मात्र नर्मदा बचाओ आंदोलनात काम करायला गेला. एचआरच्या भाषेत ही चक्क गॅप. पण खोऱ्यातली गाणी त्याच्या कानात बसली ती याच गॅपमध्ये. ‘मा रेवा’ बँडकडे आलं ते तिथूनच.

बरं, लगेच हिट झाले म्हणाल, तर तसंही नाही. पहिला अल्बम 1993मध्ये, दुसरा ‘डेझर्ट रेन’ 1997मध्ये. ज्याने नाव घरोघर पोचवलं तो ‘कंदिसा’ आला 2000मध्ये. म्हणजे तब्बल दहा वर्षांचं प्रोबेशन! आपण दोन अप्रेझल मनासारखी झाली नाहीत की जॉब साइटवर सीव्ही टाकून मोकळे होतो.

पुढेही सगळं गोडगोड नव्हतं. डिसेंबर 2009मध्ये असीम गेला. 2010मध्ये बँडने त्याच्या आवाजातली नवी गाणी दर महिन्याला एक अशी नेटवर चक्क फुकट द्यायला सुरुवात केली. 2013मध्ये सुस्मितही बाहेर पडला. नवे साथीदार आले आणि बँड वाजत राहिला.

आणि ते खोरं? अक्कलकुवा तालुक्यातलं मणिबेली हे सरदार सरोवराच्या बुडितात गेलेल्या महाराष्ट्रातल्या पहिल्या गावांपैकी एक. 2017मध्ये धरणाचं लोकार्पण झालं. गाणं देशभर गाजलं, पण त्या नदीकाठची कितीतरी घरं, शेतं पाण्याखाली गेली. फोक बँडचं भांडवल हे असं असतं. दुसऱ्याच्या अंगणातून उसनं आणलेलं. ते कुणाकडून आणलं, हे विसरून कसं चालेल?

म्हणून मी भावाला पैशांचं विचारलंच नाही. विचारलं, ‘‘गाणार काय?’’

‘‘अहिराणी गाणी. यूट्यूबवर शोधतोय.’’

‘‘आणि आजी?’’

तो गप्प. आजी आतल्या खोलीत हळद लावायच्या तयारीत, तोंडाने लग्नाचं गाणं चालू. त्यातले शब्द आम्हा दोघांनाही धड कळत नव्हते. उभा जन्म तिच्या मांडीवर खेळलो, पण एक गाणं लिहून घेतलं नाही!

संध्याकाळी बघते तर साहेब मोबाइलचा रेकॉर्डर चालू करून आजीसमोर मांडी घालून बसलेले. राजीनामा अजून दिलेला नाही. मी म्हटलं, आधी वर्षभर सुट्ट्यांमध्ये इथे येऊन बस. मामांच्या प्रश्नाचं उत्तर अजून माझ्याकडेही नाही. पण गाणी कुठून आणायची, हे तरी त्याला कळलंय.