‘ओसाड’ कोणासाठी?

२०१५ साली सी. एस. संतोष हा डकार ही वाळवंटी शर्यत पूर्ण करणारा पहिला भारतीय दुचाकीस्वार ठरला. पराक्रम निःसंशय मोठा. तथापि, एखादा प्रदेश शर्यतीसाठी ‘मोकळा’ आहे हे ठरवते कोण? ही शर्यत आफ्रिका सोडून २००९ साली दक्षिण अमेरिकेत व २०२० साली सौदी अरेबियात गेली. हा प्रश्न मात्र सर्वत्र तोच राहतो.

धाराशिवच्या बालाघाटी माळरानालाही आपली भाषा सहजपणे ‘ओसाड’, ‘पडीक’ म्हणते. मेंढपाळाचे चराऊ रान, कुसळी गवत, टिटवीची उघड्या जमिनीवरची अंडी यांना या शब्दांत स्थान नाही. उद्या येथे चाके धावलीच, तर त्यांची वाट आपल्या विशेषणांनी आधीच मोकळी केलेली असेल. शर्यतीला विरोध करण्यापूर्वी साहित्याच्या अभ्यासकाने ही विशेषणे तपासावीत.