चिलापीचा नवा विषाणु

"ज्या रोगास औषध नाहीं, त्याच्या कारणाचा शोध करून लाभ काय?" असें पुष्कळ सुज्ञही विचारितात. आम्हांस हा प्रश्न उतावळेपणाचा वाटतो.

शुभवर्तमानांतील कोळ्यांमुळें वाचकांस परिचित असलेला गालील समुद्र म्हणजे वस्तुतः गोड्या पाण्याचें सरोवर होय. तेथें व इस्राएलांतील मत्स्यतळ्यांत २००९ पासून तिलापिया, म्हणजे आमच्याकडील चिलापी, मोठ्या संख्येनें मरूं लागली. डोळे धुरकट होत, मेंदूंत रक्त सांकळे. शास्त्रज्ञांनीं रोगट मेंदूच्या अर्कांतून एक विषाणु जिवंत पेशींवर वाढविला. निरोगी माशांस तो टोंचतांच तोच रोग जडला. २०१४ मध्यें हा शोध प्रसिद्ध झाला.

परंतु चोर धरला म्हणजे त्याचें कूळ कळलें असें नव्हे! २०१६ मध्यें त्याच्या जनुकद्रव्याचे १० तुकडे वाचण्यांत आले. एकाचें इन्फ्लुएंझा 'क' विषाणूशीं पुसटसें साम्य निघालें. उरलेले ९ कोणाशींच जुळेनात. पुढें त्याच्याकरितां स्वतंत्र कूळ मानण्यांत आलें, आणि 'अम्नून' या माशाच्या हिब्रू नांवावरून त्यास अम्नूनव्हिरिडी म्हणूं लागले. ओढूनताणून जुन्या कुळांत न बसविण्याचा हा संयम आम्हांस शोधाइतकाच मोलाचा वाटतो.

आतां लाभाविषयीं. अशा वाचनावरूनच चांचणी सिद्ध होते. २०१८ मध्यें हा विषाणु भारतांतही आढळल्याचें प्रसिद्ध झालें. चिलापीचें बीज तळ्यांत सोडण्यापूर्वीं "हें तपासलेलें आहे काय?" असें आमचा शेतकरी विक्रेत्यास विचारूं शकतो, तें या शोधामुळेंच.