बोलावणं निघालं, पोचलं कुणाला?



चार वर्षांपूर्वी मी एक जुनी सात सीटर गाडी घेतली. घरात सहा माणसं, म्हणून मोठी घेतली. दोन वर्षांनी एका कामासाठी ती कंपनीच्या वर्कशॉपमध्ये नेली. काउंटरवरच्या मुलानं चेसिस नंबर टाकला आणि सहज म्हणाला, "काका, हिचा एअरबॅगचा रिकॉल बाकी दाखवतोय." पत्र गेलं होतं पहिल्या मालकाच्या पुण्यातल्या घरी आणि फोन त्याच्या बंद पडलेल्या नंबरवर. काम पाऊण तासात झालं, एक रुपया लागला नाही. पण ती दोन वर्षं माझी सून लेकराला मांडीवर घेऊन त्याच पुढच्या सीटवर बसत होती. हे पत्रक त्या दोन वर्षांसाठी आहे.

रिकॉल म्हणजे गाडी बाद झाली असं नाही. बनवताना राहिलेला दोष कंपनीनं स्वखर्चानं दुरुस्त करून द्यायचा, एवढाच त्याचा अर्थ. ऑगस्ट 2023मध्ये महिंद्रानं 1,08,306 एक्सयूव्ही 700 तपासणीसाठी बोलावल्या, कारण इंजिनाच्या कप्प्यातल्या वायरी घासून कापल्या जाण्याचा धोका होता. जानेवारी 2023मध्ये मारुतीनं 11,177 ग्रँड विटारा बोलावल्या, मागच्या सीटबेल्टच्या ब्रॅकेटसाठी. त्याच महिन्यात ब्रेझा, बलेनो, ग्रँड विटारा अशा 17,362 गाड्यांच्या एअरबॅग कंट्रोलरमध्ये दोष निघाला, तेव्हा भाग बदलेपर्यंत गाडी चालवूच नका असा सल्ला कंपनीनं दिला. कियानं 2022मध्ये 44,174 कॅरेन्स बोलावल्या, तेही एअरबॅगच्या सॉफ्टवेअरसाठी. रांजणगावात बनणाऱ्या जीप कंपासच्या 1,200 गाड्या 2017मध्येच पुढच्या एअरबॅगसाठी बोलावल्या होत्या. दोष कबूल करून गाडी बोलावणाऱ्या कंपनीला मी शिव्या देणार नाही. लपवणाऱ्यापेक्षा सांगणारा शंभर पटींनी बरा. माझा सवाल पुढचा आहे. बोलावलेल्या गाड्यांपैकी गेल्या किती? आणि न गेलेल्या आज कुणाच्या दारात उभ्या आहेत?

मोठ्या गाडीचा प्रवास आपल्याकडे कसा होतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. पुण्या-मुंबईत पहिला मालक पाच वर्षं वापरतो. मग ती तालुक्याला येते, तिथून तिसऱ्या मालकाकडे जाते, आणि शेवटी सात सीटच्या गाडीत बारा माणसं कोंबून वडापला लागते. गाडी जितकी खाली उतरते तितकी माणसं वाढतात आणि तितकंच कंपनीचं पत्र लांब राहतं. गावात अपघात झाला की लोक म्हणतात, ड्रायव्हरला डुलकी लागली असेल. वायर जळाली होती का, बेल्टचा ब्रॅकेट निसटला होता का, हे कोण तपासतं?

कायदा आहे. 2019च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम 110अ आलं आणि केंद्र सरकारला रिकॉलचा हुकूम द्यायचा अधिकार मिळाला. 1 एप्रिल 2021पासून त्याचे नियम लागू झाले. पण ते नियम नीट बघा. सक्तीचा रिकॉल सात वर्षांच्या आतल्या गाडीलाच. म्हणजे गाडी तालुक्याच्या बाजारात पोचल्यावर दोनच वर्षांत कायदा तिच्यावरून हात काढून घेतो.

सात वर्षांत दोष विरतो की काय? ताकाता या जपानी कंपनीच्या एअरबॅगचं उदाहरण घ्या. एअरबॅग फुगवणाऱ्या डबीत अमोनियम नायट्रेट होतं. उष्ण, दमट हवेत ते वर्षानुवर्षं खराब होत जायचं. मग धडक बसली की डबीच फुटायची आणि पत्र्याचे तुकडे माणसाच्या गळ्यात, छातीत घुसायचे. गाडी जितकी जुनी तितका धोका मोठा. अमेरिकेत अशा 6 कोटींहून जास्त डब्या बदलायला काढल्या आणि फ्लोरिडा, हवाईसारख्या दमट भागांना आधी हात घातला. भारतातही त्यासाठी गाड्या बोलावल्या गेल्या. आता आपली रत्नागिरी, आपलं पणजी, आपली मुंबई कोरडी आहे का? अमेरिकेत फुकट दुरुस्तीचा हक्क 15 वर्षं टिकतो. आपल्या कोकणातल्या माणसाला सात का?

दंडाचंही तेच. एक लाखाहून जास्त चारचाकींचा सक्तीचा रिकॉल झाला तर नियमांतला दंड 1 कोटी. म्हणजे एक लाख गाड्या धरल्या तर गाडीमागे 100 रुपये. पंक्चर काढणारासुद्धा हल्ली तेवढे घेतो.

अमेरिकेचा कायदाही आपसूक कडक झाला नाही. फोर्ड एक्स्प्लोरर ही तिथली घरोघरची एसयूव्ही. तिच्या फायरस्टोन टायरांची वरची पट्टी धावताना सुटायची आणि गाडी उलटायची. ऑगस्ट 2000मध्ये 65 लाख टायर परत बोलावले. सरकारी हिशेबात 271 माणसं गेली. टायरवाले म्हणाले हवा कमी सांगितली, गाडीवाले म्हणाले टायर कच्चे. आणि त्याआधीच, 1999मध्ये, फोर्डनं सौदी अरेबियात तेच टायर बदलून दिले होते! टायर परत बोलावल्यावर, नोव्हेंबर 2000मध्ये, अमेरिकेत नवा कायदा झाला. परदेशात केलेला रिकॉल घरच्या सरकारला कळवणं कंपन्यांवर बंधनकारक झालं.

म्हणून आमची पहिली मागणी आरटीओकडे आहे. जुनी गाडी नावावर करताना फॉर्म 29 आणि 30 भरतो, तेव्हा विमा बघतात, पीयूसी बघतात, बँकेचा बोजा उतरला का ते बघतात. बाकी रिकॉल कुणी विचारत नाही. बँकेच्या पैशाला रकाना आहे, माणसाच्या जिवाला नाही. चेसिस नंबर टाकताच बाकी रिकॉल दिसला पाहिजे आणि तो पुरा झाल्याशिवाय गाडी दुसऱ्याच्या नावावर होता कामा नये. पीयूसी काढताना आणि विमा भरतानाही तीच तपासणी हवी. सात वर्षांची अट काढा. परदेशात परत बोलावलेलं मॉडेल इथेही विकलं जात असेल, तर ते इथल्या मालकाला कळवा.

आणि गाडीवाल्यांनो, तक्रार लेखी करा. मोठ्या खपाच्या गाडीसाठी सक्तीच्या रिकॉलचा विचार सुरू व्हायला हजारावर तक्रारी लागतात. शोरूमवाला "असं होतंच" म्हणाला की आपण मान डोलावून घरी येतो आणि तो आकडा कधी भरतच नाही. एअरबॅग न उघडलेल्या क्रेटाच्या मालकानं मान डोलावली नाही. एप्रिल 2022मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याच्या बाजूनं निकाल दिला आणि स्पष्ट केलं की धडकेचा वेग आणि जोर यांचं गणित सामान्य ग्राहकानं मांडावं अशी अपेक्षा नाही.

आज रात्री आरसी बाहेर काढा. त्यावरचा 17 अक्षरी चेसिस नंबर कागदावर लिहा. उद्या सकाळी कंपनीच्या वर्कशॉपला फोन करा आणि विचारा, "या गाडीचा रिकॉल बाकी आहे का?" आपलं नाव आणि चालू मोबाइल नंबर तिथे नोंदवून घ्या. गावातल्या वडापवाल्यालाही हे पत्रक वाचायला द्या. उद्या शाळेला जाताना आपलीच पोरं त्याच्या गाडीत बसणार आहेत.